अम्मीला सांगितलेले पारे

माझं कराड सुटलं, ते एका चौरंगापायी अर्धा तास उशिरा सुटलं. आमच्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की दारात कुराण उंच धरतात आणि जाणाऱ्यानं त्याखालून बाहेर पडायचं असतं. अम्मी माझ्या खांद्याला लागते, म्हणून ती चौरंगावर उभी राहिली, दोन्ही हात वर करून. मी वाकून निघाले तर पाठीवरची सॅक दाराच्या कडीत अडकली. निम्मी घरात, निम्मी बाहेर. "मागं जा, परत ये," अम्मी वरून म्हणाली. मागं गेले, परत आले. मग तिच्या लक्षात आलं, की सुटकेस खालून गेलेलीच नाही. सुटकेस, लॅपटॉपची बॅग, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सगळं एकेक करून पार झालं. शेवटी तिनं रिक्षावाल्या पांडूकाकांनाही आत बोलावून खालून बाहेर काढलं, कारण मला स्टँडवर तेच नेणार होते. पांडूकाका टोपी काढून, हात जोडून, अगदी मनापासून गेले आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "वहिनी, रिक्षा पण आणू का आत?"

अब्बा, म्हणजे मराठीचे निवृत्त मास्तर, हे सगळं होईपर्यंत घड्याळाकडे बघत उभे होते. मग अम्मीनं चौरंगावरून उतरून तेच कुराण माझ्या हातात दिलं. त्याला हिरव्या सॅटिनचं जुजदान होतं, म्हणजे कापडी वेष्टन. माझ्या ईदच्या ड्रेसमधून उरलेल्या कापडाचं तिनं स्वतः शिवलेलं. "घरातल्या सगळ्यात उंच जागी ठिव," ती म्हणाली. "आणि वाच. दर जुम्म्याला इचारीन."

हे मी लिहितेय ते कराडात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि पुणे, दुबई, बेंगळुरू करत पांगलेल्या आपल्या भावंडांसाठी. माझं कुराण पूर्ण झालं म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला भरभरून मुबारकबाद दिलीत. त्या मुबारकबादीविषयी थोडं बोलायचं आहे.

बेंगळुरूत बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर मला आणि मृणालला फ्लॅट मिळाला. मृणाल नागपूरची. माझ्याच ऑफिसात स्क्रम मास्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांची कामं कुठवर आली हे विचारत फिरणं हीच तिची नोकरी. घरातली सगळ्यात उंच जागा शोधली, तर ती निघाली स्वयंपाकघरातल्या माळ्याची. मृणालनं खुर्ची धरली, खुर्चीवर मी स्टूल ठेवलं, आणि कुराण एकदाचं छताला टेकलं. अम्मीला फोनवर सांगितलं. ती खूश झाली आणि मग एकदम म्हणाली, "तुझ्यावर कुणी ऱ्हातं काय गं?" म्हटलं, वर अजून सात मजले आहेत. मग अब्बांचा आवाज आला, "अगं, आता काय तिनं गच्चीवर राहायचं?"

तर कुराण इतक्या आदरानं ठेवलं गेलं, की त्याला हात लावायचा तर दोन माणसं, एक खुर्ची आणि एक स्टूल लागायचं. पहिल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा मी आउटर रिंग रोडवर ऑफिसच्या शटलमध्ये अडकले होते. "कितवा पारा?" अम्मीनं विचारलं. कुराणाचे तीस भाग असतात, एकेका भागाला आम्ही पारा म्हणतो. मी म्हणाले, पहिला. तोंडातून निघून गेलं. पुढच्या शुक्रवारी दुसरा म्हणणं भागच होतं.

खोटं बोलण्यात एक शिस्त असते, ती मी पाळली. आठवड्याला एक पारा. अम्मी कॅलेंडरवर दर शुक्रवारी फुली मारायची. तेरावा पारा सांगितला त्या दिवशी तिनं शिरा करून अख्ख्या गल्लीत वाटला. मधेच कसला शिरा, विचारलं, तर म्हणाली, रवा उरला होता. आणि सतरावा सांगितला त्या दिवशी ती म्हणाली, "तीस झालं की मी येणार हाय तिकडं. तुझ्या तोंडनं ऐकायचंय. कुठनं पण चार पानं वाच, मला चालंल."

शटलमध्ये एसी होता, तरी मला घाम फुटला. मी लहानपणी मशिदीतल्या वर्गात अक्षरं आणि पहिले दोन-चार पारे शिकले होते, पण त्याला वीस वर्षं झाली होती. आता ती अक्षरं लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी झाली होती. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही. अम्मीला काय वाटेल याची भीती होतीच. पण खरी गोष्ट सांगते, मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या पुस्तकाखालून वाकून मी घर सोडलं, ते मी एकदाही उघडलं नव्हतं.

घरी येऊन स्टुलावर चढले आणि जुजदान ओढलं, तर ते माळ्याच्या खिळ्यात अडकून टरकन फाटलं. अम्मीच्या हातचं कापड. आमच्या उंच इमारतींच्या मागे, तळ्याच्या बाजूला जुनी वस्ती आहे, तिथं खुर्शीद खालांचं शिवणाचं दुकान आहे. साठीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी कापड पुढे केलं. त्यांनी पिशवीतलं कुराणही मागितलं, हात धुऊन आल्या, पानं चाळली. एकही पान दुमडलेलं नाही, कडा कोऱ्या करकरीत. त्या म्हणाल्या, "कपडा फट गया, किताब नवी की नवी. उल्टा होना था अम्मा."

मी दुकानात उभ्या उभ्या रडले. मग त्यांना सगळं सांगितलं, सतरा पारे, शिरा, अम्मीचं येणं. त्यांनी शिलाई मशीनवरून पाय काढला आणि म्हणाल्या, "कल से आना. असर के बाद. रोज दो पन्ने." असर म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज, पाचच्या सुमाराची.

मी मनातल्या मनात गणित केलं. "खाला, रोज पाच केले तर?"

"कायकू? ट्रेन छूट रही क्या? स्वल्प ठहरो."

मॅनेजरशी भांडून मी सकाळी सातची शिफ्ट घेतली. खालांची पद्धत अशी, की दोन पानं नीट वाचायची, चुकलं तर परत, आणि मग त्यांनी विचारायचं, "क्या समजी?" काहीतरी सांगितल्याशिवाय तिसरं पान नाही. मला अरबी वाचता येत होतं, कळत नव्हतं. अब्बांना फोन केला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता आपलं मराठी भाषांतर कुरिअरनं पाठवलं. मास्तरच ते, समासात लाल पेनानं शेरे होते. कुठं "वा!", कुठं "नववीच्या वर्गाला सांगणे", आणि छपाईतल्या सगळ्या वेलांट्या सुधारलेल्या.

पहिल्याच पाऱ्यात गाईची गोष्ट आली. लोकांना एक गाय कापायला सांगितलेली असते. साधं काम. पण ते विचारतात, कसली गाय? उत्तर मिळतं. मग विचारतात, रंग कुठला? तेही उत्तर मिळतं. मग म्हणतात, अजून नीट कळत नाही, आणखी सांगा. असं करत करत ते आपलंच काम इतकं अवघड करून ठेवतात, की तशी गाय मिळता मिळत नाही. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला शटलमध्ये हे वाचताना मी मोठ्यानं हसले. ही तर आमची सोमवारची रिक्वायरमेंट मीटिंग होती! मृणालला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "हे तू आमच्या क्लायंटला पाठव." खालांना भीत भीत सांगितलं, की खाला, मला हसू आलं. त्या म्हणाल्या, "हँसी ना? मतलब समजी."

तेव्हापासून ते पुस्तक माझ्याशी बोलायला लागलं. मी इतकी वर्षं त्याला घाबरून होते; वजू, म्हणजे वाचण्याआधीचं हातपाय धुणं, नीट झाला का, पाठ तर होत नाही ना त्याच्याकडे, एवढंच. आता दुपारपासून वाट बघायला लागले, कधी पाच वाजतात आणि पुढं काय होतं. प्रेमच बसलं, दुसरा शब्द नाही.

इकडे मृणालनं माझा प्रकल्प हातात घेतला होता. फ्रिजच्या दारावर तिनं दोन रकाने केले, पिवळ्या चिठ्ठ्या लावून. एका रकान्यावर लिहिलं, "अम्मीला सांगितलेले". दुसऱ्यावर, "खरे". पहिला रकाना दर शुक्रवारी वाढायचा. दुसरा त्याच्या मागून लंगडत यायचा. तिसाव्या शुक्रवारी अम्मीनं कराडात बुंदी वाटली, तुमचे सगळ्यांचे फोन आले, आणि आमच्या फ्रिजवर स्थिती होती तीस विरुद्ध नऊ.

अम्मी रविवारी सकाळी आली. नऊमधली चार पानं मी घोटून ठेवली होती, दुसरीकडून वाच म्हणाली तर कसं वळवायचं तेही ठरलेलं. घर झाडलं, पडदे धुतले. फ्रिज मात्र आम्हा दोघींच्याही डोक्यातून साफ गेला. अम्मी तोंड धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेली, चहा करायला. मृणालला एकदम आठवलं, ती धावत जाऊन फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. "काकू, दूध संपलंय."

"आगं सरक, बघू तरी दे."

मृणाल सरकली. अम्मी मराठी सातवी शिकलेली आहे. तिनं दोन्ही रकाने वाचले, मग बोट लावून चिठ्ठ्या मोजल्या. मी दारात उभी. मला वाटलं, आता ही आल्या पावली पुढच्या बसनं कराडला जाणार. मी म्हणाले, "अम्मी, चुकलं माझं. नऊच झालेत. पण ते नऊ खरे आहेत."

अम्मी खुर्चीवर बसली. म्हणाली, "माझं बारा."

मला काही कळलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. ती तेरा वर्षांची असताना तिला शिकवणाऱ्या उस्तानीबी लग्न होऊन मुंबईला गेल्या. बारावा पारा संपला होता. पुढं शिकवायला कुणी आलंच नाही. मग लग्नाची बोलणी आली. "तुझ्या आजोबांनी सांगितलं, पोरीचं कुराण झालंय. आता मी काय मधी बोलू? तुझ्या अब्बास्नीसुद्धा ठाव न्हाई." दर शुक्रवारी मी आकडा सांगितला, की कराडात ती आपलं कुराण काढायची आणि त्या पाऱ्यावर नुसता हात ठेवायची. कुणी शिकवल्याशिवाय पुढचे पारे तिला वाचता येत नव्हते, पण माझ्या मागून जाता येत होतं. "म्हणून तू तेराला गेलीस तवा शिरा केला," ती म्हणाली. "म्हटलं, घरातली कोन तरी एक बाई बारा ओलांडून गेली."

मृणालनं तिसरा रकाना केला, "काकू", आणि त्यात बारा चिठ्ठ्या लावल्या. अम्मीनं विचारलं, कुराण कुठाय. जेवणाच्या टेबलावर होतं, लॅपटॉपच्या शेजारी, लाकडी रेहलवर, म्हणजे कुराण ठेवायच्या घडीच्या बैठकीवर, उघडून ठेवलेलं. मी म्हणाले, "वर होतं तेव्हा माझा हात पोचत नव्हता." नंतर अब्बांकडून कळलं, कराडला पोचल्या दिवशीच तिनं आपलं कुराण कपाटावरून खाली काढलं.

पंधरा दिवस ती माझ्याबरोबर खालांकडे आली. खालांनी तिलाही विचारलं, "क्या समजी?" आणि अम्मीनं कराडी मराठीत अर्धा तास उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं, तरी माझ्यापेक्षा जास्त गप्पा त्यांच्याच झाल्या. ती परत गेल्यावर शुक्रवारचा फोन दुकानातून व्हिडिओवर व्हायला लागला, दोऱ्याच्या रिळाला टेकवून. तिकडे फोन अब्बा धरतात, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ पंखा दिसतो. अम्मीनं त्यांना सगळं सांगून टाकलंय. ते एवढंच म्हणाले, की पेपर उशिरा दिला तरी तपासतात.

मी बारा गाठल्यावर आम्ही दोघींनी तेरावा एकत्र उघडला. सुरू करण्याआधी मी अब्बांच्या भाषांतरातून तिला सांगितलं, बारावा कुठं संपतो ते. हजरत युसूफांची गोष्ट मधेच थांबते तिथं. ते निर्दोष आहेत हे सगळ्यांना कळलंय, राजाचा माणूस येऊन गेलाय, पण अजून ते तुरुंगातच आहेत. गोष्ट अम्मीला लहानपणापासून माहीत होती. आपलं बोट कुठल्या ओळीवर थांबलं होतं, हे माहीत नव्हतं.

"म्हंजे पंचेचाळीस वर्सं," पंख्यामागून आवाज आला, "मी त्यास्नी तिथंच ठिवलं?"

मग तिनं वाचायला घेतलं. अडखळत, एकेक शब्द. खालांनी मशीन बंद केलं. पान उलटलं, मी अर्थ सांगितला, आणि अम्मी म्हणाली, "सुटले गं बाई एकदाचे." मी हसले आणि मला रडूही आलं.

लोक विचारतात, घर कुठलं. पूर्वी मी पटकन कराड म्हणायची आणि दोन दिवस उदास व्हायची. आता जिथं कुराण माझ्या हाताच्या उंचीवर आहे आणि चुकले तर कुणीतरी थांबवून परत वाचायला लावतं, ते मला घर वाटतं. ते थोडं कराडात आहे, थोडं जेवणाच्या टेबलावर, थोडं एका शिवणाच्या दुकानात.

गेल्या शुक्रवारी युसूफांची गोष्ट संपली. लांब गेलेल्या मुलासाठी रडून रडून वडिलांची नजर गेली होती, ती परत आली. आणि मुलगा जिथं जाऊन स्थिरावला होता, त्या परक्या शहरात आईवडील त्याच्याकडे गेले. त्यानं त्यांना मानानं वर बसवलं. मी वाचून थांबले. तिकडे पंखा फिरत होता.

मग अम्मी म्हणाली, "म्हंजे शेवटी आईबापच गेलं म्हनायचं."

"हो अम्मी."

"मग तुझ्याकडं आनिक एक रेहल हाय, का हितनं घिऊन येऊ?"