शेजारचा पाइन

अमेरिकेत, हिल्सबरोच्या आमच्या घरातलं सांडपाणी त्या हिवाळ्यात तीनदा तुंबलं. शेवटी प्लंबरने पाइपात कॅमेरा घालून दाखवलं, शेजारच्या पाइनची मुळं आत शिरली होती. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक व्हिएतनामी आजोबा एकटेच राहायचे. झाड काढा, असं त्यांना कसं सांगावं? आठवडाभर विचार करून, एका शनिवारी दुपारी मी मोबाइलमधले फोटो घेऊन गेले.

त्यांनी फोटो निरखून पाहिले, मला बसवलं, चहा केला आणि आपल्या गावाविषयी बोलू लागले. ते ह्युएचे, म्हणजे जुन्या राजधानीचे. शहराच्या दक्षिणेला तीन टप्प्यांचा एक मोठा चौथरा आहे. वरचा टप्पा गोल, आकाशासारखा, खालचे चौकोनी. दर काही वर्षांनी राजा तीन दिवस व्रतस्थ राहून त्यावर चढायचा आणि साऱ्या प्रजेच्या वतीने आकाशाला बळी अर्पण करायचा. भोवती पाइनचं रान. काही झाडं खुद्द राजाने आणि दरबाऱ्यांनी लावलेली, त्यांवर लावणाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या. त्यांचे आजोबा त्या झाडांची राखण करायचे.

हे काही झाडाला हात लावू देणार नाहीत, असं मला वाटलं.

पण ते शांतपणे पुढे सांगत राहिले. राजाची गादी गेली, लढाई आली, लोकांनी सरपणासाठी पाइन तोडले. त्यांचे आजोबा रोज ते बघत होते.

मी विचारलं, "त्यांनी अडवलं नाही?"

"नाही. म्हणाले, राजा आकाशाकडे मागायचा ते लोकांच्या पोटासाठीच. आता याच लाकडावर त्यांचा भात शिजतोय." मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "तुम्ही माणसं बोलवा."

पंधरा दिवसांनी माणसं आली. मी घरूनच काम करत होते. करवतीचा आवाज सुरू झाल्यावर लॅपटॉप मिटून बाहेर आले. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे होते, हातात तीन उदबत्त्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी हात जोडले. शेंडा खाली आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सॉरी," मी म्हटलं.

उदबत्त्या संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. दुपारी ते उरलेल्या बुंध्यावर बसलेले दिसले, आणि त्या दिवशी त्यांना हाक मारायचं धैर्य मला झालं नाही.