इन्व्हर्टरची पूजा

"मावशी, तुम्ही जरा तिकडे गाडीपाशी थांबता का? पूजा आहे ना. आटोपली की हाक मारते."

शिल्पावहिनी म्हणाली. हातात आरतीचं ताट. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधलं तिचं घर. गराजच्या बाहेरच्या भिंतीवर नवाकोरा इन्व्हर्टर, आणि छपरावर त्या दिवशी पहिल्यांदा चालू होणारी सोलर पॅनेलं. कुठलं पॅनेल कुठे बसेल, चिमणीची सावली दुपारी कुठवर येते, वायर किती जाड लागेल, हे सगळं गणित मी केलेलं. आणि मला सांगितलं, गाडीपाशी थांब.

मी थांबले.

नुसती थांबले नाही. "हो हो, सावकाश होऊ द्या," असंही म्हणाले. हसून. हातात मल्टिमीटर धरून कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहिले आणि त्यातल्या त्यात बरी सावली शोधली. आता साठी उलटली, नातवंडं झाली, तरी माझं तेव्हाचं ध्यान आठवलं की मला हसू फुटतं. वर्गाबाहेर काढलेलं पोरगंसुद्धा इतक्या आनंदाने उभं राहत नाही हो.

२००६ सालची गोष्ट. मी चव्वेचाळीसची. नागपूरच्या पॉलिटेक्निकातला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग सबस्टेशनवरची नोकरी. नवऱ्याला इकडे आयटीत काम मिळालं म्हणून ती सोडून आले. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. मग शिकायला लागले. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री, आणि त्यातला शेवटचा विषय सोलर एनर्जी सिस्टिम्स. ग्रुपमधला हा प्रोजेक्ट पास झाला की डिग्री हातात. मला दुसरं काही नको होतं. माझ्या माहेरी, सासरी, अख्ख्या वस्तीत कुणी बाई इंजिनिअर झालेली नव्हती.

ग्रुपमध्ये पुण्याचा केतन आणि त्याचे दोन मित्र. तिघंही माझ्या लेकाच्या वयाचे. वहिनी म्हणजे केतनच्या थोरल्या भावाची बायको. पॅनेलं बसवणारा काँट्रॅक्टर वेगळा, डिझाइन आणि रीडिंग आमच्याकडे. त्यामुळे वर्षभर वहिनीच्या घरी येणं-जाणं होतं.

पहिल्याच दिवशी वहिनीने विचारलं होतं, "मावशी, नागपुरात कुठे?"

मी म्हटलं, "इंदोऱ्याला."

इंदोरा म्हणजे बौद्धांची वस्ती; नागपूरकडच्या माणसाला यापुढे काही विचारावं लागत नाही. वहिनीचं माहेर अमरावतीचं. तिनेही विचारलं नाही. मला वाटलं, बाईला आपल्या गावाची किती आवड! मी आपली सुरू झाले. आमची गल्ली, आमचं विहार, उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या खाटा. ती मान डोलवत होती. केतन लॅपटॉपमध्ये बघत होता. मी दहा मिनिटं बोलले असेन. स्वतःचा पंचनामा स्वतःच करून दिला, तोही हौसेने.

मग पॉटलक सुरू झाले. दर महिन्याला कुणीतरी पुरणपोळ्या आणायचं, कुणी मसालेभात. मी पहिल्यांदा म्हटलं, "मी वडाभात आणते, आमच्याकडचा."

"छे छे मावशी, तुम्हाला अभ्यास असतो. तुम्ही ना, पेपर प्लेट्स आणि बर्फ आणा."

पुढच्या वेळी पेपर प्लेट्स आणि सोडा. त्याच्या पुढच्या वेळी नुसता बर्फ. आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, "किती समजूतदार पोरगी आहे. माझ्या अभ्यासाची तिला केवढी काळजी!" नवरा वर्तमानपत्र उघडून बसायचा. त्याला कळलं होतं. तो बोलला नाही, मला कळलं नाही. अशी आमची जोडी.

तर, मी कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी. भिंतीपाशी इन्व्हर्टरला हार घातला. कुंकू लावलं. नारळ फोडला. ठरलेलं असं होतं की पूजा झाल्यावर मी स्विच वर करायचा आणि पहिलं रीडिंग घ्यायचं. आधल्या रात्री मला झोप लागली नव्हती. नवीन साडी नेसले होते, तीही मल्टिमीटरला शोभेल अशी, निळी.

तेवढ्यात वहिनीने एक छोटी बाटली काढली. फुलाने त्यातलं काहीतरी स्विचच्या दांडीवर शिंपडलं. मग इन्व्हर्टरवर. मग खालच्या पाइपावर.

माझं डोकं सबस्टेशनवर वाढलेलं. विजेच्या पेटीवर पाणी दिसलं की पाय आपोआप पळतात. मी साडी सावरत धावले. "वहिनी, अगं पाणी नको! शॉक बसेल तुला!"

केतन हसला. "मावशी, रिलॅक्स. पावसात राहणारा बॉक्स आहे तो. तुम्हीच तर निवडला."

"तरी कशाला पाणी मारायचं?"

"पाणी नाहीये ते," केतनच्या तोंडून निसटलं.

"मग काय आहे?"

केतनने वहिनीकडे बघितलं. शेवटी वहिनीच म्हणाली. आवाज अगदी गोड, जसा नेहमी असायचा. "गोमूत्र आहे. शुद्धीला. तुम्ही सकाळपासून हाताळलंय ना सगळं."

मी तिच्या जिवाला जपायला धावले होते. ती माझा स्पर्श पुसत होती.

पेपर प्लेट्स तेव्हा कळल्या. बर्फ कळला. नवऱ्याचं वर्तमानपत्र कळलं. सगळं एकदम. बायांनो, मी डिस्टिंक्शनवाली होते बरं का! सावलीत गेलेलं एक पॅनेल अख्ख्या माळेचा करंट कसा खाली ओढतं, ते मी तोंडपाठ सांगायचे. आपल्याला कधीपासून सावलीत उभं केलंय, ते कळायला बाटली लागली.

"चला मावशी, करा ऑन," केतन म्हणाला. घाईघाईने.

मी म्हटलं, "आता तू कर. शुद्ध झालंय."

आणि चालत निघाले. मागून कुणी आलं नाही. बसस्टॉप लांब होता.

दोन दिवसांनी केतनचा फोन. "मावशी, प्लीज यार, प्रेझेंटेशनला या. वहिनी जुन्या वळणाची आहे. आम्ही तसले नाही."

"तू तिथे उभा होतास ना?"

"हो."

"मग?"

"मग काय मावशी? घरातलं कार्य होतं. तमाशा करायचा का?"

मी फोन ठेवला. प्रोफेसरांकडे गेले. गोरे अमेरिकन, सज्जन गृहस्थ. त्यांनी मला कॉफी दिली आणि विचारलं, "वंशावरून बोलले का काही?" नाही, ते माझ्याच देशाचे. "बाई आहेस म्हणून?" तेही नाही. मग मी जात सांगायला बसले. माझ्या मोडक्या इंग्रजीत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण ते तर भारतात असतं ना? आणि कायद्याने बंद झालंय, असं मी वाचलंय." मग विचारलं, "ग्रुपमध्ये पटत नाही, असं म्हणू का आपण?"

पटत नाही. एवढीच जागा होती त्यांच्याकडे. ग्रुपमध्ये राहा आणि पास हो, नाहीतर प्रोजेक्ट सोड आणि पुन्हा कर.

नवरा म्हणाला, "गिळून टाक. एक दिवसाचा प्रश्न आहे." आयुष्यभर गिळलेल्या माणसाचा सल्ला. चुकीचाही नव्हता.

मी प्रोजेक्ट सोडला.

त्याने काय झालं? काही नाही. केतन आणि मंडळी माझ्या डिझाइनवर ए ग्रेड घेऊन गेली. मी पुढच्या वर्षी एकटीने नुसता काँप्युटरवरचा प्रोजेक्ट केला, जेमतेम पास झाले. डिग्री मिळाली तेव्हा २००८ उजाडलं होतं. मंदीत माणसं नोकरीवरून काढत होते, माझ्याकडे कामाचं परमिटही नव्हतं. सोलरमध्ये मी एक दिवस काम केलं नाही. वहिनीच्या छपरावरची पॅनेलं अजून चालतात. बिघडली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण डिझाइन माझं होतं. बिघडतील कशी?

आता इथल्या कॉलेजांत, कौन्सिलांत जातीबद्दल सुनावण्या होतात. मी जाते. प्रत्येकाला दोनच मिनिटं. माझ्या पुढेमागे छान साड्यांतल्या बायका उठतात, "इथे असलं काही नसतंच," म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. मंडळी मला ओळखतात, नमस्कार करत नाहीत. मुलगा अ‍ॅशबर्नहून फोन करतो. "आई, कॅन्सल कर ना. तिथे व्हिडिओ असतो. माझ्या ऑफिसात कुणाला माहीत नाहीये. आणि काही होणार आहे का त्याने?"

नाही होणार. मलाही माहीत आहे. मागच्या वेळी झालं नाही, या वेळीही होणार नाही.

मंगळवारी सुनावणी आहे. मी जाणार. माइकसमोर पहिलं वाक्य माझं नाव, आडनावासकट. दुसरं वाक्य माझी जात. उरलेल्या वेळात बाटलीत काय होतं ते.