हाक वर्गाची, ओ गिरणीची

मुकुंदवाडीत स्टेशनकडून आत शिरलं की गोकुळच्या पिठाच्या गिरणीला लागून एक लांबट, पत्र्याची खोली लागते. त्या खोलीत रत्नमालेनं कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तोंडात बोटं घातली आणि उरलेल्यांनी फुकटचे सल्ले दिले. रत्नमाला दोघांनाही भीक घालणारी नव्हे. बाई भलतीच तिखट! पडेगावच्या पुढं माळावर बापाची मेंढरं राखत वाढलेली. चुकलेल्या मेंढीमागं काट्याकुट्यातून पळायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळं एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीला नेल्याबिगर खाली बसायची नाही. आयटीआयला तिनं कॉम्प्युटरचा ट्रेड केला होता, तोही चांगल्या मार्कांनी. पण लग्न झालं, पोरगी झाली आणि पुढची कित्येक वर्षं चिकलठाण्याच्या एका कंपनीत खोक्यांना चिकटपट्टी लावण्यात गेली.

"आता बास झालं," एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली. "मी वर्ग काढणार."

मुंजाबा टेम्पो चालवतो. गडी सरळ, बायकोच्या शब्दाबाहेर जायची त्याची टाप नाही आणि इच्छाही नाही. "काढ की," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटर कुठून आणायचे?"

तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

कॉम्प्युटर शेवटी मिळाले ते भंगारवाल्याकडं. कुठल्याशा ऑफिसानं जुने म्हणून काढून टाकलेले. दिसायला ठाकठीक, पडदे साफ, कीबोर्ड शाबूत. पण ऑफिसातली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकाची हार्डडिस्क उपसून घेतलेली. आता हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कोठार. उठायचं कसं, हेसुद्धा त्याला तिथूनच कळतं. तीच नसली की बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि यंत्र काळा पडदा घेऊन ढिम्म बसून राहतं. भंगारवाला भला माणूस, तो स्वतःच म्हणाला, "ताई, खामखा कामून नेता? समदे बिनडोक हायत हे."

"डोकं मी देते त्यांना," रत्नमाला म्हणाली, आणि बाराच्या बारा मुंजाबाच्या टेम्पोत घालून घरी आणले.

तिची युक्ती अशी होती. एक बरा कॉम्प्युटर वेगळा घ्यायचा, त्यात एक नवी मोठी डिस्क बसवायची, आणि हे बाराही तारांनी त्याला जोडायचे. बटण दाबलं की बिनडिस्कच्या यंत्रानं तारेवरून हाक मारायची, 'मी जागा झालोय, मला पत्ता कोण देतं?' त्या मोठ्या यंत्रानं ओ द्यायची, 'हा घे तुझा पत्ता, आणि ही फाइल उचल, हिच्यावरून सुरू हो.' मग बाराही जणांनी त्या एकाच डिस्कवर जगायचं. चूल एक, ताटं बारा. त्या ओ देणाऱ्या मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणतात, आणि त्याला हे सगळं शिकवायचं काम म्हणजे नुसती डोकेदुखी.

कंपनीला सुट्टी शुक्रवारी. बाकीचे दिवस घरी येईस्तोवर अंग मोडून जायचं, म्हणून हा उद्योग शुक्रवारचाच. पहिल्या शुक्रवारी सर्व्हरच उठेना. पुढच्या खेपेला तो उठला, पण डिस्कचं दार कुणालाच उघडून देईना. ते दार उघडलं तर इतकं सताड उघडलं, की मुंजाबानं गंमत म्हणून एका यंत्रावर आपल्या टेम्पोचा फोटो लावला, आणि बाराही पडद्यांवर टेम्पो उभा! रत्नमाला कपाळावर हात मारून खाली बसली. मग तिनं मूळ माल सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता ठेवला आणि ज्याचं त्याचं काम ठेवायला ज्याचा त्याचा वेगळा कप्पा करून दिला. शेवटी एका शुक्रवारी बाराही यंत्रं ओळीनं सुरू झाली, तेव्हा ती एवढ्यानं ओरडली की मुंजाबा बादली घेऊन धावत आला. त्याला वाटलं, आग लागली.

आता वर्गाला पोरी पाहिजेत. जवळच्याच शाळेत कॉम्प्युटरची खोली नव्हती, आणि मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम आठवीच्या मुलींसाठी बाहेर वर्ग शोधत होत्या. रत्नमाला थेट त्यांना जाऊन भेटली. मॅडम शिस्तीच्या. म्हणाल्या, "शनिवारी दहाला येते. सिडकोतलाही एक वर्ग बघायचाय, तिथं अकराची वेळ दिलीय. जो बरा वाटेल तिथं मुली पाठवीन."

रत्नमालेनं कंपनीत शनिवारची रजा टाकली. सगळं त्या एका शनिवारावर येऊन ठेपलं. मुली आल्या तर वर्ग चालणार आणि कंपनी सुटणार. नाही आल्या तर रविवारी परत तीच खोकी अन् तीच चिकटपट्टी. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिनं बाराही यंत्रं तीनतीनदा बंद करून चालू केली. एकानंही कुरकुर केली नाही. त्या रात्री ती गाढ झोपली.

शनिवारी मॅडम आल्या. रत्नमाला नवी साडी नेसून तयार. "बघा मॅडम," म्हणून तिनं ऐटीत पहिलं बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर पांढरी अक्षरं उमटली, पत्ता मिळाला, पण फाइल मिळाली नाही.

दुसरं बटण, तेच. तिसरं, तेच. पाचवं मात्र छान उठलं, मग आठवं उठलं, आणि बाकीची दहा तोंड काळं करून बसली. रत्नमालेनं सगळी बंद केली, चालू केली. आता पाचवंही बसलं आणि दुसरं उठलं! शेजारी गोकुळच्या गिरणीची धडधड चालू होती आणि तिच्या छातीतली वेगळी.

"काल तर चालत होती मॅडम, देवाशप्पथ."

"असं होतं कधीकधी," मॅडम म्हणाल्या. बोलणं गोड होतं, पण नजर घड्याळावर गेली.

दुसरी कुणी असती तर रडकुंडीला आली असती. रत्नमालेला राग आला. रागात तिचं डोकं जास्त चालतं, हे मुंजाबाला अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून तो गुपचूप चहा आणायला निघून गेला. तिनं पडद्यावरची पांढरी अक्षरं परत वाचली, या खेपेला नीट. पत्ता मिळाला म्हणतंय. कोणता पत्ता? तिनं ठेवलेले पत्ते दहाच्या आकड्यानं सुरू होणारे. हा एकशे ब्याण्णवनं सुरू होत होता.

"अगं बया!" ती मोठ्यानं म्हणाली. "हा मी दिलेलाच नाय!"

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या यंत्रानं हाक मारली मॅडम, अन् ओ दुसऱ्याच कुणीतरी दिली. त्याच्याकडं पत्ते हायत, पण उठायची फाइल नाय. जो आधी ओ देईल त्याचं हे ऐकतात. म्हणून कधी हे उठतंय, कधी ते."

पण हा दुसरा कोण? इंटरनेटवाल्यानं बसवलेल्या डब्याचं पत्ते देणारं तोंड तिनं आधीच बंद केलं होतं. खोलीत तिसरं कुणी बोलणारं नव्हतं. तिनं सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी पुढं ओढली आणि एकेक तार बोटानं मागं मागं धरत गेली. ही पहिल्याची, ही दुसऱ्याची, ही सर्व्हरची. एक तार मात्र भिंतीच्या भोकातून पलीकडं गेलेली, आणि तिचा दिवा नुसता लुकलुकत होता.

पलीकडं गिरणी.

ती तार रत्नमालेनंच दिलेली. गोकुळ तिच्या दळणाचं काही घ्यायचा नाही, म्हणून मागल्या दिवाळीत तिनं आपणहून नेटची तार भिंतीतून त्याच्याकडं सरकवली होती. शेजाऱ्याशी एवढं तरी असावं माणसाचं! पण तिथं नुसती तार होती. तिच्या टोकाला ओ देणारं कोण येऊन बसलं? आणि काल कामून गप्प होतं? एवढं मनात आलं आणि तिनं जीभ चावली. काल शुक्रवार. गोकुळ शुक्रवारी गिरणीचं मेन स्विच पाडतो आणि दळायच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावत बसतो, गिऱ्हाइकांनी कितीही बोंब मारली तरी. तिनं आजवर जेवढं तपासलं ते सगळं शुक्रवारीच!

"दहा मिनिटं द्या मॅडम," म्हणून तिनं पक्कड उचलली आणि साडीचा पदर खोचून ती गिरणीत घुसली.

"गोकुळभाऊ! तुमच्याकडून कोण बोलायलंय माझ्या पोरांशी?"

गोकुळ डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. बावचळून म्हणाला, "कोणची पोरं, ताई? मी तर गहू दळायलोय!"

तिनं वर पाहिलं. फळीवर एक नवाकोरा वायफायचा डबा होता, आणि धान्य ओतायच्या चाडीच्या वर एक छोटा कॅमेरा. तिचीच तार त्या डब्यात.

"हे कधी बसवलं?"

"बुधवारी. आईसाठी." गोकुळ कसनुसा हसला. "ती पैठणला दादाकडं राहायला गेली ना, तिला करमंना तिथं. सारखी म्हणायली, गिरणी दिसू दे, गिरणी दिसू दे. मग हे बसवलं. तुम्ही कामात होत्या म्हणून इचारलं नाय."

तेवढ्यात कॅमेऱ्यातून मनकर्णाबाईंचा खणखणीत आवाज आला. ही गिरणी म्हातारीनं नवऱ्याबरोबर उभी केलेली, आणि पैठणला जाऊनही तिनं तिचा ताबा सोडला नव्हता. "गोकुळ्या! कोण आलंय रं? मघाशी दिसत होतं, परत गेलं! बुधवारपासून ह्येचं असंच चाललंय, घडीत दिसतंय, घडीत नाय!"

रत्नमालेच्या हातात पक्कड होती. एक तार तोडायची, की तिची बाराही यंत्रं उठणार. मॅडम खोलीत बसलेल्या, आणि अकरा वाजायला असा कितीसा अवकाश!

तिचा चेहरा पाहून गोकुळच म्हणाला, "माझ्यामुळं अडलंय का ताई? मग तोडा. तुमच्या पोटावर पाय नाय द्यायचा मला. आईला मी समजावतो."

त्यानं स्वतःच तारेला हात घातला. पलीकडून म्हातारी म्हणाली, "गोकुळ, दिसंना रं बाबा. काहीच दिसंना."

"थांबा, भाऊ," रत्नमाला म्हणाली. सबंध आयुष्य जिथं काढलं ती जागा डोळ्यांसमोर राहावी, एवढंच तर म्हातारी मागत होती. आणि बुधवारपासून घडीत दिसतंय, घडीत नाही? म्हणजे कॅमेराही हाक मारत होता, अन् कधी तिचा सदा चालू असलेला सर्व्हर ओ देत होता, कधी हा डबा!

तिनं डबा फळीवरून खाली घेतला, फुंकर मारून पीठ उडवलं आणि मागची बाजू बघितली. चार पिवळी भोकं, एक निळं. तार पिवळ्यात.

"बाहेरची तार निळ्यात घालायची असती, भाऊ. निळ्यात घातली की हा फक्त तुमच्यापुरता बोलतो. पिवळ्यात घातली की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात जाऊन बोलतो. निळ्यात कामून नाय घातली?"

गोकुळ खाली बघत म्हणाला, "ते एकटंच होतं ताई. म्हणलं खास मोठ्या कामाचं असंल. आपलं काम साधं, म्हणून चारांतल्या एकात घातली."

रत्नमालेला हसू फुटलं. रागावून आलेली बाई गव्हाच्या पोत्यावर बसून पोट धरून हसली. तार उपसली, निळ्यात खुपसली, डब्याचे दिवे विझले आणि परत लागले. कॅमेऱ्यातून आवाज आला, "आलं! आलं! आता कसं लख्ख! अगं, ही तर आपली रत्नमाला! कशाला दात काढायलीस?"

"सांगते मावशी, मागून सांगते!" म्हणत ती पळाली.

मॅडम उठून उभ्या होत्या, पर्स खांद्याला. रत्नमाला तडक यंत्रांकडं गेली. तिनं ओळीनं बटणं दाबली, पहिलं, दुसरं, तिसरं, थेट शेवटापर्यंत. मग पदरानं तोंडावरचं पीठ पुसत उभी राहिली. पंखे फिरले. पांढरी अक्षरं आली, सरसर वर गेली. एक पडदा निळा झाला, मग त्याच्या शेजारचा, मग समोरची ओळ. बाराही. गिरणी धडधडत होती आणि एकही यंत्र मागं राहिलं नव्हतं.

मॅडम प्रत्येक पडद्यासमोर थांबत थांबत शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगा, परत असं बंद पडणार नाही ना?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. रत्नमाला म्हणाली, "पडंल, मॅडम. आज हे झालं, उद्या दुसरं काही होईल. पण मी इथंच बसलेली असंल, अन् पोरींसमोरच दुरुस्त करीन. त्यांनाही कळंल कसं करायचं ते."

मॅडमनी फोन काढला आणि सिडकोच्या वर्गाला कळवलं, आज येणं जमत नाही. मग रत्नमालेकडं वळून म्हणाल्या, "सोमवारपासून मुली येतील. दोन तुकड्या. आणि काही बंद पडलंच, तर त्यांना जवळ उभं करा."

मॅडमची स्कूटी कोपऱ्यावरून वळेपर्यंत रत्नमाला दारात अगदी शहाण्यासारखी उभी होती. ती दिसेनाशी झाली आणि बाईनं धूम ठोकली. चहाचे कप घेऊन येणाऱ्या मुंजाबाला तिनं दंडाला धरून फरफटत गिरणीत नेलं आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून गिरणीच्या आवाजावर ओरडली, "मावशी! मी कंपनी सोडली!"

मुंजाबाच्या हातातला चहा अर्धा सांडला. गोकुळनं पिठाच्या हातांनीच टाळी वाजवली. रत्नमाला हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी पिठात मिसळून गालांवर चिकटत होतं.

"लई झ्याक केलंस, माझे बाई!" मनकर्णाबाई पैठणहून म्हणाल्या. "आता तिथंच हायस तर त्या गोकुळ्याला सांग, कवाधरनं चाडी रिकामी हाय अन् गिरणी नुसतीच फिरायलीय. गहू वत म्हणावं!"