किशोरीच्या हाताचा वास

कोलंबीची नखाएवढी पिल्लं टाकीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली होती. किशोरीला ती तशी नको होती. शेजारच्या टाकीत जाळीपलीकडे जिताडा सोडला होता. तिथे पिल्लांनी गोळा होणं बरोबरच. खाणारा जवळ आला की ती घोळका करतात, हेच तिला दाखवायचं होतं. पण या टाकीत मासाच नव्हता.

"दोन्हीकडे गर्दी, मग फरक कसला?" पनवेलच्या कॉलेजातले तिचे मार्गदर्शक विनायक सर म्हणाले. "या महिन्यात जमलं नाही तर विषय बदलू. वर्ष जाईल, पण इलाज नाही."

किशोरी मोरा गावची, कोळ्याघरची. मासे विकणाऱ्या आईचा, जनीचा, खांदा निखळल्यापासून सकाळी कोयत्यावर बसायचं काम तिच्याकडे आलं होतं. मासे कापून झाले की हाताला लिंबू चोळायचं, साबण लावायचा, बोटं हुंगायची आणि मगच एसटी धरायची. पहिल्या वर्षी एका मुलीने शेजारी बसून नाकाला रुमाल लावला होता. तेव्हापासून लिंबू कधी चुकलं नव्हतं.

संकष्टीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून कोयता कोरडा राहिला. कॉलेजात तिने रोजच्यासारखं टाकीतलं पाणी बदललं, हात घालून हवेची नळी बसवली. दुपारी पाहते तर बिनमाशाच्या टाकीतली पिल्लं सगळीकडे पांगलेली. दुसऱ्या दिवशी जिताडा कापून आली, तर पुन्हा कोपऱ्यात.

घरी सांगितल्यावर जनी हसतच सुटली. "लिंबू लावून मानसाला फसवशील गो, कोलंबीला नाय. तिला जीव वाचवायचा हाय." मग हसू आवरून म्हणाली, "उद्यापासून मीच कापते."

"खांद्याने? गप बस, आये."

सकाळी मासे कापूनच किशोरी कॉलेजात गेली. बरोबर काम करणाऱ्या रेवाला म्हणाली, "आजपासून टाकीत हात तू घाल. माझ्या हाताला माशाचा वास असतो."

"मला तर कधी आला नाही."

"त्यांना येतो."

रेवाने पाणी बदललं, नळी बसवली. किशोरी दारापाशी हात मागे बांधून उभी. दुपारपर्यंत पिल्लं निवांत पांगली. सर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"हात का बदलला, ते अहवालात लिहावं लागेल," ते म्हणाले. "काय लिहिशील?"

"मी रोज सकाळी मासे कापते, असं," किशोरी म्हणाली.