दामूकाकांच्या जीन्सचा फेड

दामूकाका दुकानात शिरले आणि मी त्यांच्या तोंडाकडे न बघता मांड्यांकडेच बघत राहिलो.

चार महिन्यांपूर्वी मीच शिवून दिलेली जीन्स. दोन्ही मांड्यांवर वीतभर रुंद फिकट पट्टे उमटले होते. मुद्दाम करायला गेलं तरी असं जमत नाही.

रोह्याला माझं जीन्स शिवायचं दुकान आहे. त्याआधी वीस वर्षं एका कंपनीत कटिंग मास्टर होतो. ‘रॉ डेनिम’ ही माझी खासियत. म्हणजे विणल्यावर धुलाई न करता शिवलेलं कोरं, कडक कापड. त्याच्या धाग्याला निळा रंग वरवरच बसलेला असतो, आत धागा पांढरा. जिथे घासेल तिथे रंग उडतो आणि घालणाऱ्याच्या उठण्याबसण्याची खूण कापडावर राहते. त्याला आम्ही फेड म्हणतो. हौशी गिऱ्हाईकं त्यासाठी मुंबईहून येतात.

पहिली जीन्स निवडताना या हौशी लोकांना मी दहा प्रश्न विचारतो. काम काय करता, बसता कसे, बाइक चालवता का. दामूकाकांना एकही विचारला नव्हता. पायात झिजलेली चप्पल, खांद्यावर टॉवेल. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय!

ते पेणचे, साठी ओलांडलेले. लेक रोह्यात दिलेली, तिच्याकडे आले होते. जन्मात जीन्स घातली नव्हती.

“जाड कापडाची द्या, मास्तर. माजं काम दिवसभर बसून. मांडीवर—”

“काका, ही घ्या. दहा वर्षं फाटणार नाही.” मी त्यांचं बोलणं तोडलं. सगळ्यात जड कापडाचा तो तागा दुकानात बरेच दिवस पडून होता.

“रंग जाईल का?”

“थोडाफार. पण सहा महिने पाण्यात घालायची नाही. मग बघा मजा!”

हा नियम हौशी लोकांचा. काकांनी तो डॉक्टरने सांगितलेल्या पथ्यासारखा पाळला होता.

“काका, एवढा फेड आणलात कसा?” मी विचारलं.

“आनला कुठं? गनपती मांडीवर घेतो ना.”

तेव्हा कुठे मला त्यांचं काम कळलं. पेणच्या एका कारखान्यात ते गणपतीच्या मूर्तींची आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे काढणं. बाकी सगळा रंग झाल्यावरचं हे शेवटचं काम, कारखान्यातल्या सगळ्यात भरवशाच्या हाताला मिळतं. लहान मूर्ती मांडीवर उताणी घेऊन ते करतात.

“आता नाय देत शेठ आखनी,” काका म्हणाले. “मूर्तीच्या पाठीला निळं लागतं म्हनतो. हात घानेरडे म्हनतो. मी तीन-तीनदा हात धुतो, मास्तर. डोळे पन तपासून आलो. वय झालं, आनि काय.”

काय झालं ते मला त्याच क्षणी समजलं. चार महिने न धुतलेल्या माझ्या जीन्सचा निळा रंग मूर्तींच्या पाठीला पुसला जात होता. एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी म्हणालो, “असेल काहीतरी.”

एवढ्यावर थांबलो नाही. त्यांना दाराजवळ उजेडात उभं करून जीन्सचा फोटो काढला, दुकानाच्या पेजवर टाकायला. काका अगदी ताठ उभे राहिले. संध्याकाळपर्यंत तो फोटो बघून चौघांचे मेसेज आले, असाच फेड हवा म्हणून. मोबाइल वाजला की मला स्वतःची किळस यायची. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पेण गाठलं.

काका कारखान्याच्या मागच्या बाजूला पॉलिश पेपरने कच्च्या मूर्ती घासत बसले होते. नवशिके करतात ते काम. अंगावर तीच जीन्स. मी शेठना हाक मारली, पांढरं फडकं काढलं आणि काकांच्या मांडीवर जोरात घासलं. फडकं निळं झालं.

“चूक माझी आहे. रंग लागतो हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

शेठ फडक्याकडे बघत राहिले. “आरं देवा. मी काय काय बोललो काकाला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या दिवशी दुकानात तुमाला ठावं हुतं?”

“हो, काका.”

त्यांनी मान खाली घातली आणि हातातली मूर्ती पुन्हा घासायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेठनी ब्रश आणि एक लहान मूर्ती पुढे ठेवली. काकांनी मांडीवर टॉवेल दुमडून घातला. एक डोळा काढला, हात जराही हलला नाही. मग ब्रश बाजूला ठेवला, मूर्ती उचलली आणि उलटी करून पाठ बघितली. दुसरा डोळा काढला. पुन्हा पाठ बघितली.

जीन्स मी दुकानात आणून भिजवली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली आणि परत नेऊन दिली. आता तिचा रंग लागत नाही. दुकानात काउंटरवर पांढरं फडकं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर कापडावर घासून दाखवतो आणि आधी कामाचं विचारतो. उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसतो.

काकांना आखणी परत मिळाली, त्यालाही वर्ष होत आलं. परवा पेणला गेलो तेव्हा ते मूर्ती घेऊन बसले होते. अजूनही एक डोळा काढला की थांबतात, आणि मूर्ती उलटी करून पाठ बघतात.