समोरच्या घरी गेलेलं ऊन

‘मिटिगेशन’ हा शब्द माझ्या नोकरीत रोज तोंडात असतो. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. आग लागू नये, लागलीच तर पसरू नये, पसरली तरी माणूस वाचावा, याची आधीच तजवीज करून ठेवायची, म्हणजे मिटिगेशन. याला मराठीत काय म्हणतात, असं बाबांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "सौम्यीकरण."

"त्यापेक्षा आग बरी," बाबा म्हणाले.

बाबा मूळचे अकोल्याचे. रेल्वेतल्या बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथल्याच खातीपुऱ्यात राहिले. अकोल्याचा माणूस उन्हाला भीत नाही, असं ते ऐकवायचे. पण त्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची त्यांची खोली अशी तापली की भिंतीला पाठ टेकवेना. शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गच्चीला पांढराशुभ्र चुना फासला. पांढरं छत ऊन परत पाठवतं, असं मी त्यांना समजावलं होतं. ते खरं निघालं. बाबा भर दुपारी चादर ओढून झोपले.

पण परत पाठवलेलं ऊन कुठेतरी जाणारच. ते समोरच्या, आमच्याहून उंच घराच्या वरच्या खोलीत गेलं. तिथे एक निवृत्त वकीलसाहेब एकटेच राहत. सारी हयात फौजदारी कोर्टात गेलेली. पुढच्या रविवारी तिसऱ्या प्रहरी ते आमच्या दारात उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात उघडी छत्री. छत्री ते आपल्या खोलीत बसल्याबसल्याच उघडत असत, असं त्यांनी सांगितलं. ते बोलत हिंदीतच, मी सांगतेय मराठीत.

"तुमच्या गच्चीमुळे माझ्या पलंगावर दुसरा सूर्य उगवतो."

"साहेब, उष्णतेसाठी केलंय. मिटिगेशन आहे ते."

"मिटिगेशन?" त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे गुन्हा कबूल! आमच्या कोर्टात आधी दोष सिद्ध होतो. मग वकील उठून म्हणतो, हुजूर, घरी म्हातारा बाप आहे, शिक्षा कमी करा. तुमच्या बाजूनं काय आहे?"

"मी हाव ना," बाबा आतून म्हणाले. "म्हातारा बाप."

"विचारात घेतलं जाईल," वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले आणि जागेची पाहणी करायला वर निघाले.

चुना भुरभुरीत झालाय, पाय घसरेल, असं मी जिन्यात त्यांना बजावलं. तरी ते घसरलेच. छत्रीसकट बसकण मारली. आम्ही धावलो. लागलं कुठेच नव्हतं, पँट मात्र मागून पांढरी झाली होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"म्हणूनच मी शक्य तितका हळू पडलो," ते म्हणाले. "नुकसान कमी करणं माझंही कर्तव्य आहे. कायदा आहे तसा. ज्याचं नुकसान होतंय, त्यानं हात बांधून बसायचं नाही."

"मग खिडकीला पडदा लावा की," बाबा म्हणाले.

वकीलसाहेबांनी छत्री मिटली. आपल्याच मुद्द्यात सापडलेला माणूस मी इतक्या जवळून प्रथमच पाहिला. ते अजून चुन्यावरच बसून होते. मग म्हणाले, "पडद्यानं उजेड थांबेल, उष्मा नाही. याहून चांगला उपाय आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काखेत उशी घेऊन आले आणि बाबांच्या थंडगार खोलीत जाऊन झोपले. माझं ऊन तुमच्यामुळे, तेव्हा सावलीही तुमचीच, असा त्यांचा युक्तिवाद. बाबांना तो बिनतोड वाटला. त्यांनी पलंगाचा भिंतीकडचा भाग देऊन टाकला. दोघं आळीपाळीनं घोरत. उठल्यावर चहा पिता पिता खटला पुढे चालू. बाबा आरोपी, वकीलसाहेब फिर्यादी आणि न्यायाधीशही तेच.

पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन गेला. खिडकीतली झळाळी संपली. मला वाटलं, आता प्रकरण मिटलं. बाबांनी मात्र मला पुन्हा चुना आणायला लावला, आणि जानेवारीच्या कडाक्यात त्या खोलीचं शीतगृह झालं. एका दुपारी मी वर गेले, तर दोघं रजया पांघरून, कानटोप्या घालून, दात वाजवत बसले होते.

"अहो, खाली अंगणात छान कोवळं ऊन आहे, तिथे बसा," मी म्हटलं.

"सुनावणी सुरू हाय," बाबा म्हणाले. "दार लावून घे."