चांगला कान

बायकोने माझा कोयता माहेरी नेऊन ठेवला, तेव्हा मी तिला इतकं तोंडाला येईल ते बोललो की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. ती चूल सारवत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "राब तोडायच्या आदी शापूरच्या त्या बाईकडं जावून या. मंग कोयत्याचा बघू." तिचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "कोयता? कंचा कोयता?" सगळे एका माळेचे मणी.

आमच्याकडे राबाशिवाय भात होत नाही. उन्हाळ्याच्या आत ऐनाच्या फांद्या तोडायच्या, रोपाच्या जागेवर पसरून वाळवायच्या आणि मग ती जागा भाजायची. हे सगळं काम कोयत्याचं. आमची ऐनाची झाडं नेमकी ज्या बांधावर आहेत, त्याच्या पलीकडे माझ्या चुलत भावाचं शेत. म्हणजे तोही फांद्या तोडणार, मीही तोडणार, दोघांच्या हातात कोयते आणि मध्ये हातभर बांध. बायकोला याचीच भीती होती. मी याचीच वाट बघत होतो.

झालं होतं ते असं. लावणीच्या दिवसांत हा भाऊ बांध कोरत होता. दरवर्षी थोडा कोरायचा, या वर्षी जरा जास्त. बाबा त्याला बोलायला गेले. मी शेताच्या दुसऱ्या टोकाला चिखलणी करत होतो. बोलणं ऐकू आलं नाही, पण फावड्याचा दांडा वर गेलेला दिसला आणि तो बाबांच्या डाव्या कानावर बसलेला दिसला. गुडघाभर चिखलातून माणसाला पळता येत नाही. मी पोचेपर्यंत तो पळाला होता आणि बाबा चिखलात बसून हाताला लागलेलं रक्त बघत होते. तो कान गेला तो गेलाच.

बाबांनी पोलिसांत जाऊ दिलं नाही. "घरातला मामला हाय," म्हणाले. गावाने बैठक घेतली. भावाने नारळ ठेवला, बाबांच्या पायावर डोकं टेकलं, बाबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. माझ्या वाटणीचं खोबरं मी कुत्र्यापुढे फेकलं.

त्यानंतर बाबा चांगला कान उशीवर दाबून झोपायला लागले. बहिरा कान वर. मग आभाळ कोसळलं तरी त्यांना पत्ता नाही. मार त्यांनी खाल्ला आणि झोप माझी उडाली. भावाचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मधली भिंत कुडाची, कारवीवर शेण लिंपलेली. त्याचा खोकला, त्याचा टीव्ही, त्याचं जेवताना मचमच करणं सगळं माझ्या कानात. मी पडल्या पडल्या मनातल्या मनात त्याला मारायचो. कधी मानेवर घाव घालायचो. कधी आधी गुडघ्यावर, म्हणजे पळायला नको. सकाळी उठलो की कोयत्याला धार लावायचो, तोडायला काही नसलं तरी. म्हशीने शेपूट मारली म्हणून तिच्या पाठीवर काठी मोडली. मुरबाडला ज्या कंपनीत मी कामाला आहे, तिथे चहाच्या रांगेत एकाचा धक्का लागला, तर त्याला भिंतीवर आपटला. त्याचा दात पडला. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं घरी येईपर्यंत टिकलं.

शापूरच्या बाईंचं सुचवलं गावात आरोग्याचं बघणाऱ्या आमच्या आशाताईने. शहापूरला, तालुक्याच्या दवाखान्यात गुरुवारी एक समुपदेशक बाई बसतात, मनातलं ऐकून घेतात म्हणे. पण त्याच्या आधी आमचं रीतसर भगताकडे, म्हणजे देवऋष्याकडे, जाऊन झालं होतं. भगताकडे कसं जायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घरचे मूठभर तांदूळ आजाऱ्याच्या अंगावरून उतरवायचे, पुडी बांधून न्यायची, त्याच्या सुपात ठेवायची आणि तोंड गच्च मिटायचं. काय होतंय ते आपण सांगायचं नाही. ते त्याने दाण्यांत बघून ओळखायचं. आपणच सांगितलं तर तो भगत कशाला? उंबरमाळीकडच्या भगताने दाणे फिरवले आणि म्हणाला, "रक्तातला हाय. शेजारचा हाय." हे तर आमच्या बकऱ्यांनाही माहीत होतं. कोंबडा घेतला आणि राग माझ्याकडेच ठेवला.

तर मी गुरुवारी शापूरला गेलो तो खिशात तांदळाची पुडी घेऊन.

छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली. बाई माझ्यापेक्षा वयाने लहान. मी पुडी टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून बसलो. त्यांनी पुडी उघडली, हसल्या. "घरचा तांदूळ का? छान वास आहे. पण मला पेशंटकडून काही घेता येत नाही हो." आणि पुडी परत माझ्याकडे सरकवली.

मी ती पुन्हा त्यांच्याकडे सरकवली. मनात म्हटलं, दाण्यांत बघ म्हणजे कळेल.

त्यांनी पुडी तशीच मध्ये राहू दिली. मग म्हणाल्या, "इथे कसं असतं ते आधी सांगते. तुम्ही बोलायचं, मी ऐकणार, मध्ये काही विचारणार. एका भेटीत होत नाही, काही वेळा यावं लागतं. इथलं बोलणं इथून बाहेर जात नाही. फक्त एकच. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. तेही तुम्हाला सांगूनच करीन. बोला, काय होतंय?"

मी तोंड गच्च मिटून पुडीकडे बोट केलं. त्या पुडीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, हिला काहीच दिसत नाही. एवढं शिकून हिला दाणेसुद्धा वाचता येत नाहीत, आणि वरून पोलिसांत सांगायची धमकी देते.

"दाने बघा ना," मी ओरडलो. "मीच सांगायचा तर तुमी कशाला बसल्याव?"

मी टेबलावर मूठ आपटली. तांदूळ खोलीभर उडाले, बाटली पडली. बाहेरचा शिपाई दार उघडून आत आला. बाई घाबरल्या होत्या, गळ्याची शीर उडताना मला दिसली, पण त्यांनी शिपायाला हाताने थांबवलं. "मला दाण्यांत काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्याशिवाय मला काहीच कळणार नाही. पुढच्या गुरुवारी या. आणि टेबलावर मारायचं नाही. मला भीती वाटते."

असं तोंडावर मला कोणी म्हणालं नव्हतं. बायको कोयता लपवायची, कंपनीतले वाट सोडायचे, पण 'भीती वाटते' असं कोणी म्हणत नव्हतं. मी खाली बसून तांदूळ वेचले. सांडलेलं धान्य तुडवत जायची आमच्यात रीत नाही.

पुढच्या गुरुवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी पलीकडून कानशीचा आवाज आला. भाऊ राबासाठी कोयत्याला धार लावत होता. माझा हात आपोआप खुंटीकडे गेला आणि खुंटी रिकामी. तेव्हा मी स्वयंपाकातली विळी उचलली. बायको दारात येऊन उभी राहिली. विळी पाट्याची, लाकडाला ठोकलेली. ती हातात घेऊन मी दिसत असेन कसा, देव जाणे. हसू यायला हवं होतं. दोघांनाही आलं नाही.

म्हणून गेलो. आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. दांडा, चिखल, खोबरं, गुडघा, मान. कुठल्या झाडाखाली तेही सांगितलं. मी थांबल्यावर बाईंनी विचारलं, "कोयता कुठे आहे?" मी सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर बायकोला फोन लावला, कोयता तिकडेच राहू दे म्हणाल्या, विळीही उचलून ठेवायला सांगितली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, एका गोष्टीत गप्प बसता येणार नाही. तुमच्या भावालाही सावध करावं लागेल. कसं ते आपण दोघं मिळून ठरवू. परवाच परत या, गुरुवारपर्यंत थांबू नका, मी मुद्दाम येईन. आणि मारल्यावर काय करणार होतात?"

"घरी जानार. बाबांना सांगनार."

"बाबा काय म्हणतील?"

भावाला मी इतक्या वेळा मारला होता, पण बाबांना सांगायला एकदाही बसलो नव्हतो.

"आज त्यांना सांगा," बाई म्हणाल्या. "न केलेलं आहे तोवर."

संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी बसून म्हटलं, "बाबा, मला त्याला मारायचा हाय." ते म्हणाले, "आँ?" चांगला म्हटला तरी तोही कान आता म्हाताराच आहे. मी आवाज चढवला. "आँ?" मग मी ओरडलोच. जेवढा ओरडता येईल तेवढा. "मला त्याला मारून टाकायचा हाय! कोयत्यानं! राबाच्या टायमाला!"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग कडी लागली. मग काहीतरी जड, पेटी असेल, दाराला सरकवल्याचा आवाज आला. भावाला सावध कसं करायचं ते ठरवायची वेळच आली नाही. त्या कडीच्या आवाजाने मला आनंद झाला. दात पडला तेव्हा झाला होता तसाच. या वेळी त्या आनंदाची मला भीती वाटली.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मारलास काय?"

"नाय!"

"मंग जेव," ते म्हणाले आणि त्यांच्या ताटातली भाकर मोडून माझ्या हातात दिली.

मी जेवलो. बाबा परत आपल्या भाकरीकडे वळले. मला वाटलं, त्यांना नीट कळलंच नसेल.

भांडी झाल्यावर बायकोने अंथरुणं घातली. बाबांची जागा चुलीपाशी, कायमची. त्यांनी आपली गोधडी उचलली, फरफटत नेऊन दारात आडवी टाकली, अशी की त्यांना ओलांडल्याशिवाय कोणाला बाहेर जाता येऊ नये. मग ते कुशीवर झाले. बहिरा कान उशीवर गेला आणि चांगला कान वर राहिला, माझ्याकडे.

मला रडू आलं. मी आवाज दाबला, कारण त्या रात्री त्यांना ऐकू आलं असतं.